उष्टा मग

लोअर हट
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मारोती,

जयभीम.

फोनवर तू प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणतोस आणि मागाहून कळतं की तुला ऐकूच आलेलं नव्हतं. मागच्या रविवारी मी विचारलं, घरमालक घर कधी विकणार आहे? तू म्हणालास, "हो, इथेही वारा आहे." कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन उचलणाऱ्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आता पत्र. एकाच बेटावर राहणारे बहीणभाऊ पत्रं लिहितात हे इराला फार विनोदी वाटलं. "आजी, जस्ट टेक्स्ट हिम," म्हणाली. टेक्स्ट केलं तर तू अंगठा दाखवतोस.

आधी घराचं. हिवाळ्यात तुला ती जागा सोडावी लागणार हे आता नक्की आहे. आमच्या खालच्या मजल्यावरची खोली तयार आहे. मैत्रेयने भिंती रंगवल्या, हीटर बसवला. खिडकीसमोर दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. मैत्रेय आणि विनया, लेक-सून दोघंही, सकाळच्या गाडीने वेलिंग्टनला कामावर जातात, इरा शाळेत जाते, मग घर दिवसभर शांत असतं. तुला वाचायला उत्तम. धम्मदीना तुला हॉर्नबीला बोलावते आहे हे मला माहीत आहे. तुझी मुलगी प्रेमळ आहे, पण ती आणि जावई दोघंही दिवसभर बाहेर. तिथे तू वॉशिंग मशीनशी गप्पा मारत बसशील.

आता दुसरी गोष्ट. ती मैत्रेयसमोर काढायची नव्हती म्हणून तेव्हा गप्प बसले. जानेवारीत आम्ही तुझ्याकडे हॅमिल्टनला आलो तेव्हा मी संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मागे गेले होते. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. आत फळ्यांवर ओळीने मूर्ती मांडलेल्या. दात विचकलेल्या, डोळे वटारलेल्या. वर रंगीत दिव्यांची माळ, मध्ये कागदी फुलं. तू मागून आलास आणि "नंतर दाखवतो" म्हणून दार ओढून घेतलंस. नंतर दाखवलं नाहीस.

मी नागपुरात जन्मभर कॉलेजच्या पोरांना इतिहास शिकवला. देव्हारा मला ओळखता येतो.

बाबांनी धम्म स्वीकारला तेव्हा तू मायच्या कडेवर होतास, तुला आठवणार नाही. मला आठवतं. त्यांनी घरातले देव टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि नदीला नेऊन सोडले. परत आले, हात धुतले, जेवायला बसले. माय रडत होती. बाबा म्हणाले, "आजपासून या घरात माणसंच राहतील." त्या बापाचा मुलगा निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये दिवे लावून काय पूजतो आहे, हे मला जाणून घ्यायचं आहे. सुरेखा गेल्यापासून तू एकटा आहेस, आणि एकटा माणूस काहीही करू लागतो हे मी समजू शकते. पण खालच्या खोलीत फक्त तू यायचं. ते देव नाहीत.

कळव.

द्रौपदी


हॅमिल्टन
२७ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

सविनय जयभीम.

तुझं पत्र मी मागच्या पायरीवर बसून वाचलं आणि इतका हसलो की शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "यू ऑलराइट, मारोटी?"

ताई, ते देव नाहीत. ते मग आहेत. माझ्याकडे खूप मग आहेत. डोक्याचा वरचा भाग उघडा असतो, त्यात पेय ओततात आणि पितात. त्यांना टिकी मग म्हणतात. (आलू टिक्कीशी संबंध नाही. हे धम्मदीनाच्या नवऱ्यालाही समजावून सांगावं लागलं होतं.)

याची कथा थोडक्यात अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत लोकांना पॅसिफिकमधल्या बेटांचं वेड लागलं. कुणी तिथे लढून आलेले, बाकीच्यांनी ती फक्त सिनेमात पाहिलेली. मग बांबू, झावळ्या, करवंट्या लावून दारूची दुकानं निघाली. आत कायम संध्याकाळ. पेयं असल्या मगांतून द्यायचे, आणि गिऱ्हाइकं जाताना मग पिशवीत घालून पळवायची. पुढे ती दुकानं बंद पडली, मग उरले. आता लोक ते शोधतात, जमवतात, त्यांची अदलाबदल करतात. अमेरिकेत हजारो लोक आहेत. इथे आम्ही मूठभर.

माझा पहिला मग इथल्या हॉस्पिसच्या मदतीसाठी चालणाऱ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. विटकरी रंगाचा, डोळे मिटलेला. तळाशी कुणीतरी हाताने नाव कोरलेलं. घरी आणून पेन ठेवले त्यात. आठवडाभराने बघतो तर मी दुसरा शोधत होतो. लहानपणी मी काडेपेट्यांवरची चित्रं जमवायचो ते तुला आठवतं का? माय म्हणायची, "हे पोट्टं जाईन तिथून कचरा आणते." तेच आहे हे. फक्त कचरा जड झाला.

आणि दारूची काळजी करू नकोस. मी अननसाचा रस पितो, आलं किसून. पंचशील शाबूत आहे.

खोलीबद्दल मैत्रेयला धन्यवाद सांग. विचार करतो आहे. मात्र एक लिहितो, रागावू नको. हॉर्नबीला दोघं दिवसभर बाहेर असतात तसे लोअर हटलाही असतात. फरक एवढाच की तू दोन खुर्च्या ठेवल्या आहेस.

तुझा,
मारोती


लोअर हट
१९ मार्च

प्रिय मारोती,

जयभीम.

"माझ्याकडे खूप मग आहेत" हे वाक्य मी आधी व्याकरणाची चूक समजले. "मग" म्हणजे कप, हे दुसऱ्यांदा वाचताना कळलं.

देव नाहीत हे वाचून बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले.

टिकी हा कुणा अमेरिकन दारूवाल्याने काढलेला शब्द नाही. इथल्या माओरी लोकांच्या काही कथांत टिकी हा पहिला माणूस आहे. लाकडात, हिरव्या दगडात कोरतात त्या आकृतीलाही टिकी म्हणतात, आणि ती पूर्वजांची असते. गळ्यातली असेल तर आईकडून मुलीकडे जाते. माओरींत माणसाचं डोकं सगळ्यात पवित्र. ते त्याला तापू म्हणतात. डोक्याचा आणि खाण्यापिण्याचा संबंध ते येऊ देत नाहीत. जेवणाच्या टेबलावर टोपीसुद्धा ठेवत नाहीत. आणि तू काय करतोस? त्यांच्या आजोबांच्या डोक्याला भोक पाडून त्यातून अननसाचा रस पितोस.

मी उगाच तावातावाने लिहीत नाही. गेल्या वर्षी इथल्या एका रोपवाटिकेत मी बुद्धाचं डोकं पाहिलं. धड नाही, नुसतं डोकं, सिमेंटचं, आणि डोक्यातून पाण्याचं कारंजं. बाजूला पाटी: "झेन फॉर युअर गार्डन." मी मॅनेजरला बोलावलं. तरुण पोरगा होता, त्याने फार नम्रपणे सांगितलं की लोकांना ते "पीसफुल" वाटतं, म्हणून घेतात. कुणाला दुखवायचा हेतू नाही. मी म्हटलं, हेतू नाही हीच तर तक्रार आहे. विनया मला हाताला धरून गाडीत घेऊन आली. त्या पोराला जे सांगितलं तेच सख्ख्या भावाला न सांगणं मला जमणार नाही.

माझी शेजारीण हुइया माओरी आहे, बालवाडीत शिकवायची, आता निवृत्त. तिला मी तुझे मग सांगितले. मला वाटलं ती चिडेल. ती कुंपणाचा वेल छाटत होती. म्हणाली, "हो, खूप लोकांकडे असतात. माझ्या काकाच्या टीव्हीवरही एक होता. मला तो कधी आवडला नाही." छाटलेला वेल पिशवीत भरला. मग विचारलं, "पण तुझ्या भावाला काय मिळतं त्यातून?"

तुला मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते, पण हे मी तुला कधी विचारलं नव्हतं. म्हणून विचारते. काडेपेट्यांचं सांगू नकोस. काय मिळतं?

खोलीच्या बाबतीत अट तीच. कारण बदललं आहे एवढंच.

द्रौपदी

ता. क. खुर्च्या सेटमध्ये मिळाल्या. एक सुटी देत नव्हते.


हॅमिल्टन
८ एप्रिल

आदरणीय ताई,

सविनय जयभीम.

फेब्रुवारीत तू म्हणालीस की मी देव मांडले. मार्चमध्ये म्हणतेस की मी देवांचा अपमान केला. एक काहीतरी ठरव, म्हणजे मला त्याप्रमाणे अपराधी होता येईल.

चेष्टा पुरे. डोक्याचं तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं या देशात दुधाच्या कारखान्यात काम केलं, शेजारी माओरी सहकारी होते, आणि हे कधी विचारलं नाही. आमच्याकडचे बहुतेक मग चेहरेच आहेत, पण सगळे इथले नाहीत. काही तर कुठलेच नाहीत. अमेरिकेतल्या कुणीतरी चार वेगवेगळ्या बेटांची नाकं आणि डोळे एकत्र करून ठोकून दिलेले. त्यांना पूर्वज नाहीत. अनाथ आहेत बिचारे. पण ही पळवाट आहे हे मलाही कळतं.

लोकांना काय मिळतं ते सांगतो. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघंचौघं माझ्या गॅरेजमध्ये जमतो. त्यातला कॉर. तो दुधाचा टँकर चालवायचा, कारखान्यापासूनची ओळख. त्याचे आईवडील हॉलंडहून आले, जंगलाच्या कडेच्या एका थंडगार गावात सरकारी घर मिळालं. बापाने पहिलं काम काय केलं? गॅरेजमध्ये बांबूचा बार बांधला. आयुष्यात तो माणूस नारळाच्या कुठल्या बेटावर गेला नाही. दुसरी लिनेट, शाळेच्या ऑफिसात काम करते. गाईंच्या शेणात आणि पावसात वाढली. ती म्हणते, त्या मिणमिणत्या दिव्यांत बसलं की अंगावरचा ओला लोकरी वास जातो. ज्यांना होतं तिथे राहवत नव्हतं अशा माणसांनी घरातल्या घरात बेट उभं केलं, असं मला वाटतं.

माझं विचारशील, तर लिहिता येत नाही. तू मे महिन्यात एखाद्या शुक्रवारी ये आणि बघ. धम्मदीना म्हणते, "पप्पा, आत्याला बोलावताय? गुड लक." तरी ये.

मारोती


लोअर हट
३० मे

प्रिय मारोती,

जयभीम.

तुझ्याकडून परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. तू पत्र लिहिलेलं नाहीस. मैत्रेयच्या फोनवर "ऑल गुड" एवढाच निरोप आला. ऑल गुड असतं तेव्हा माणूस जास्त बोलतो.

मी मोकळ्या मनाने आले होते हे नोंदवते. गॅरेज नीटनेटकं आहे. संगीत जरा गोड आहे, पण सहन होतं. लिनेट बोलकी आणि भली बाई आहे. कॉरही चांगला माणूस आहे, फक्त इतक्या थंडीत पायात जँडल, म्हणजे त्या रबरी चपला, घालून का हिंडतो ते कळलं नाही. त्याला "द्रौपदी" म्हणता येईना. दोनदा प्रयत्न करून "ड्रॉप्स" म्हणाला. मी सोडून दिलं. त्याने मला विचारलं, लहानपणी तुझा भाऊ कसा होता? मी सांगितलं, हट्टी. तो म्हणाला, "स्टिल इज." यावर आमचं एकमत झालं.

त्याने माझ्यापुढे मग धरला तेव्हा मी नको म्हटलं, कारण तत्त्व पाहुणचारापुढे वाकत नाही. सगळ्यांना माझी बाजू शांतपणे समजावलीही. कुणी वाद घातला नाही. तू ग्लास आणायला आत गेलास तो इतका वेळ आलाच नाहीस की लिनेटने तिच्या मांजराचं ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून संपवलं. नंतर तू काही बोलला नाहीस. मला वाटलं यंत्राची बॅटरी संपली असेल.

तू लिहिलंस ते बेटाचं मी परतताना विचारात घेतलं. तुझ्या मित्रांना बेट हवं होतं तर खरी बेटं इथून विमानाने काही तासांवर आहेत. पण खऱ्या बेटावर माणसं असतात आणि ती प्रश्न विचारतात. खोट्या बेटावर नुसते चेहरे असतात, ते विचारत नाहीत. हे मला फार चांगलं लक्षण वाटत नाही.

मैत्रेय सामानाचा ट्रक ठरवणार आहे. जूनच्या अखेरीस जमेल का, ते कळव. पुस्तकं सगळी आण. फळीवर जागा केली आहे. मगांचं काय करणार तेही ठरव.

इथे गारठा वाढला. सकाळी सगळे गेले की मी खालीच बसते, तिथे ऊन येतं.

द्रौपदी


हॅमिल्टन
१६ जून

ताई,

जयभीम.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तू विचारलं होतंस, मला काय मिळतं. सांगतो.

उमरेडच्या रस्त्यावरची चहाची टपरी तुला आठवते. शाळेतून येताना लागायची. आपल्या लोकांच्या कपबशा वेगळ्या होत्या. बाहेर, पत्र्याच्या खाली, खिळ्याला अडकवलेल्या. आपण काढायच्या, तो वरून चहा ओतायचा, पिऊन आपणच विसळून परत लावायच्या. तू कधी प्यायली नाहीस. उन्हात तशीच उभी राहायचीस, तोंड फिरवून. मी प्यायचो. मला तहान लागायची आणि चहा गोड असायचा. तू घरी येईपर्यंत माझ्याशी बोलायची नाहीस.

पुढे सगळं बदललं म्हणतात. बदललंच. पुण्याच्या कंपनीत कुणी वेगळा कप ठेवला नाही. पण माझ्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी कुणी प्यायलं नाही, एवढंच. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मराठी लोकांच्या एका सहलीला गेलो. सुरेखाने मोठं पातेलंभर झणझणीत रस्सा केला होता. एक बाई सुरेखाला आडनाव विचारून गेल्या, मग गाव, मग पुन्हा आडनाव. पातेलं टेबलाच्या टोकाला राहिलं. आम्ही ते भरलेलं परत आणलं. सुरेखा म्हणाली, तिखट झालं असेल. असेलही. तेच तर आहे ताई, कळत नाही. टपरीवर निदान खिळा दिसायचा.

मी निवृत्त झालो त्या सुमारास कॉर मला जुन्या वस्तूंच्या दुकानात अचानक भेटला; कारखान्यात तोवर नुसती तोंडओळख होती. आम्ही दोघांनी एकाच मगाला हात घातला होता. त्याने मला त्याच शुक्रवारी घरी बोलावलं. बसलो. त्याच्या हातात त्याचा मग होता, अर्धा प्यायलेला. तो काहीतरी सांगत होता, मध्येच म्हणाला, "ट्राय धिस, मेट," आणि तो मग माझ्या हातात दिला. ओठ लावलेला. उष्टा. आणि गोष्ट पुढे सांगत राहिला. मी दोन्ही हातांनी मग धरून बसलो. त्याला वाटलं मला चव आवडली नाही. मी प्यायलो. परत दिला. त्याने न पुसता तोंडाला लावला.

मला काय मिळतं ते हे. आमच्याकडे मग कुणाचाच नसतो. फिरत राहतो. मी मग जमवत नाही ताई, ते तर निमित्त आहे.

त्या शुक्रवारी तू आलीस. कॉरने तुझ्यापुढे मग धरला, तो त्याने स्वतः अर्धा प्यायलेला होता. त्याच्या हिशेबाने तू घरातली झालीस म्हणून. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "नो, थँक यू. आय विल हॅव अ सेपरेट ग्लास."

सेपरेट.

मी आत ग्लास शोधत नव्हतो. ग्लास समोरच होता. मी ओट्याला धरून उभा होतो.

आणखी एक. तू चेहऱ्यांबद्दल समजावलंस, तुझं चुकलं नाही. पण त्या मगाला चेहरा नव्हता. तो नारळाच्या आकाराचा होता. नुसता नारळ. तू पाहिलं नाहीस.

मी लोअर हटला येत नाही. कॉरच्या मेव्हण्याचं छोटं घर इथेच नदीजवळ रिकामं आहे, ते ठरवलं. धम्मदीनालाही कळवलं. गॅरेज नाही, पण बैठकीची खोली मोठी आहे.

हिरव्या दगडातल्या टिकीची हुबेहूब नक्कल असलेले मग मी फळीवरून काढले. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. विकायचे नाहीत आणि टाकवत नाहीत. हुइयाला विचार काय करावं.

मारोती


लोअर हट
२५ जून

प्रिय मारोती,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. उत्तर आधी सोप्या गोष्टींचं देते.

हुइयाला विचारलं. ती म्हणाली, "मला कशाला विचारतेस? माझे नाहीत ते." मी म्हटलं, तरी सांग. ती म्हणाली, आता त्यांतून कुणी पीत नाही ना? मग राहू दे गुंडाळलेले, पुढच्या वेळी तिकडे गेलीस की इकडे घेऊन ये, मी बघते. काय बघणार ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू ते काढलेस हे योग्य केलंस.

ट्रक रद्द केला. मैत्रेयला वाईट वाटलं. विनया म्हणाली, मामांना तिथे मित्र आहेत, ही चांगली गोष्ट नाही का? आहे. मी तिला तसं सांगितलं. खोली कुणाला देणार नाही. तुला यावंसं वाटेल तेव्हा चार दिवस ये. दुसरी खुर्ची हुइया वापरते. ती फार बोलत नाही, त्यामुळे जमतं.

आता टपरीचं. मला आठवते. तू प्यायचास म्हणून मी बोलायची नाही हे खरं, पण कारण तुला वाटतं ते नव्हतं. मलाही तहान लागायची. तू तिथे बसून फुर्र करून चहा प्यायचास आणि मला राग यायचा की तुला ते जमतं. जाऊ दे.

ग्लासाचं. तुझं पत्र वाचून मी तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणला. इतिहासात आम्ही पोरांना सांगायचो, साक्षीदार काय म्हणतो ते लिहा, मग त्याने काय पाहिलं असेल ते तपासा. मी तुला लिहिलं की तत्त्वासाठी नको म्हटलं. तू म्हणतोस मी नारळ पाहिला नाही. मी पाहिला होता मारोती. करवंटीवरच्या तीन डोळ्यांसारखे तीन ठिपके होते त्याला, आणि कडेला ओठांची ओल होती. चेहऱ्याचं कारण मी मागाहून दिलं. आधी मनात जो शब्द आला तो "उष्टं" हा होता. मराठीतच आला. तो शब्द आपल्याला कुणी शिकवला हे मी वर्गात पोरांना समजावून सांगत आले, आणि माझ्या हाताने तो मग दूर केला.

यावर अधिक लिहीत नाही. लिहून ते कमी होणार नाही.

चेहऱ्याच्या मगांबद्दल माझं मत कायम आहे. त्यांतून मी पिणार नाही, आणि तुम्हीही पिऊ नये असं मला वाटतं. हे मी कॉरलाही सांगेन, लिनेटलाही. त्यांनी वाद घातला तर घालावा. मागच्या वेळी कुणी घातला नाही, ते काही मला बरं वाटलं नव्हतं. मी पाहुणी होते म्हणून ते गप्प बसले.

नव्या घरी सामान लागलं की कळव. मी त्या आठवड्यात येते. मैत्रेय विमानात बसवून देईल. शुक्रवारी संध्याकाळी मी असेन असं बघ. ग्लास आणायला कुणी आत जायचं नाही. त्या नारळात रम असेल तर मला आधी सांगायचं. नसेल, तर कॉरला म्हणावं, त्याचा अर्धा पिऊन झाला की मला दे.

तुझी,
ताई